पट्टीवरची रंगुबाई

मिरजगावपासून दोन कोसांवर एक मोठा माळ आहे आणि त्या माळावर मैलभर लांबीची डांबरी पट्टी आहे. लढाईच्या काळात गोऱ्या सोजिरांनी ती बांधली आणि लढाई संपल्यावर तशीच टाकून ते निघून गेले. रस्ता म्हणावा तर ती कुठून येत नव्हती आणि कुठे जात नव्हती. आकाशात अडचणीत आलेल्या विमानाला टेकायला जागा असावी म्हणून सरकारने ती आपल्या यादीत ठेवली होती, एवढंच. गावातली माणसं तिला नुसती पट्टी म्हणत आणि ती राखणाऱ्या बाईला पट्टीवरची रंगुबाई.

आधी चौकीदार होता तो तिचा नवरा, भिमाजी. अडुसष्ट साली तो तापाने गेला. दुसरा माणूस मिळेपर्यंत बाईने काम बघावं असं बांधकाम खात्याच्या साहेबांनी सांगितलं. दुसरा माणूस कुणी शोधला नाही आणि रंगुबाईचं हंगामी काम पाच वर्षं चाललं. पट्टीच्या फटीतून वर येणारी बाभळीची रोपं उपटायची, गुरं हाकायची, कडेच्या दगडांना चुना द्यायचा, खांबावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी फाटली तर टाका घालायचा. आणि दर सोमवारी एक छापील कार्ड मिरजगावच्या टपालात टाकायचं.

त्या कार्डावर दोनच शब्दांपैकी एक लिहायचा असे: मोकळी किंवा बंद. खाली सही. रंगुबाई शाळेत गेलेली नव्हती. भिमाजी अंथरुणाला खिळला तेव्हा तिने चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवून हे दोन शब्द आणि आपलं नाव शिकून घेतलं. कार्ड नगरला जाई, नगरहून पुढे फोन होई आणि उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात जी यादी पडते तिच्यात तो शब्द लागे. हे भिमाजीला कुणा साहेबाने सांगितलं होतं आणि भिमाजीने तिला. यादी दोघांपैकी कुणीच पाहिली नव्हती.

कार्ड पोचायच्या आत काही घडलं तर काय करायचं, तेही भिमाजीने शिकवून ठेवलं होतं. चौकीच्या ट्रंकेत मांजरपाटाचे दोन पांढरे पट्टे होते, वीस-वीस हात लांब. ते पट्टीच्या मधोमध एकमेकांवर आडवे टाकले की मोठी फुली होते. फुली दिसली की विमान उतरत नाही.

खरं सांगायचं तर विमान उतरतच नव्हतं. तिच्या आठवणीत एकदाच पिकांवर औषध फवारणारं एक लहानसं विमान वाट चुकून आलं होतं. भिमाजीने त्या वैमानिकाला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि तो दुपारी निघून गेला. बाकी सगळी विमानं वरून जात, उन्हात चमकत. गावात रंगुबाई दळणाला आली की बाया मुद्दाम विचारत, आक्का, आज किती उतरली? ती म्हणायची, तुमच्यावानी रिकामी न्हाईत ती.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीनंतर माळावर दुष्काळी कामाचं खडीकेंद्र उघडलं आणि आजूबाजूच्या पाच गावांतली तीनशे माणसं दगड फोडायला येऊ लागली. हातोड्यांचा आवाज सकाळी सुरू होई तो दिवस मावळेपर्यंत. रंगुबाईला सुरुवातीला बरं वाटलं. एवढी वर्षं माळावर ती आणि वारा, दोघंच होती. आता माणसांची वर्दळ झाली. तिची धाकटी जाऊ गोजरबाई सहा महिन्यांचं पोर घेऊन कामावर येई. माळावर सावलीला झाड नव्हतं. तान्ह्या पोरांच्या झोळ्या तीन काठ्यांच्या तिकाटण्यांना टांगलेल्या, आणि वर ऊन. एक दिवस रंगुबाईने ट्रंकेतून ते मांजरपाटाचे पट्टे काढले आणि चार खांबांवर ताणून बांधून दिले. एका पट्ट्याखाली सात झोळ्या मावल्या, दुसऱ्याखाली सहा. ट्रंकेत पडून कापडाला कसर लागत होती, त्यापेक्षा हे बरं, असं तिने मनाशी म्हटलं.

मग फाल्गुनात खडीचे ढीग पट्टीवर आले.

त्याचं कारण असं, की फोडलेली खडी ढीग रचून मोजतात. माळाचा मुरूम भुसभुशीत. त्याच्यावर ढीग रचला की तळाचा थर रुतून बसायचा आणि ओव्हरसियरच्या मापात ढीग चार बोटं कमी भरायचा. कमी भरला की टोळीने पुन्हा दगड फोडायचे. सपाट आणि कडक अशी जागा आसपास एकच होती. आधी एक ढीग कडेला आला, कुणी काही बोललं नाही. चैत्र संपेपर्यंत पट्टीच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर त्रेचाळीस ढीग झाले, मांडीएवढ्या उंचीचे, रेषेत मांडलेले.

रंगुबाई सरपंचांकडे गेली. काकासाहेब भिमाजीच्या बरोबरीचे, तिला वहिनी म्हणत. त्यांनी तिला ओट्यावर बसवून सगळं ऐकून घेतलं. कार्डावर बंद लिहिलं तर काय होईल, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. वर्षापूर्वी जनावरांची छावणी पट्टीच्या कडेला पडली होती तेव्हा तिने दोन सोमवार बंद लिहिलं होतं. त्यावर नगरहून पत्र आलं. पट्टी पुन्हा बंद राहिल्यास ती यादीतून काढण्याचा आणि चौकीदाराचं पद रद्द करण्याचा विचार करावा लागेल, असं त्यात होतं. शिवाय साहेब लोक बघायला आले, तर पट्टीवर खडी टाकली म्हणून केंद्रच सात मैलांवर हलवतील. तान्ही पोरं घेऊन बाया रोज सात मैल कशा जाणार?

“बुधवारपोतूर ट्रक येतोय, वहिनी. समदे ढीग उचलून नेतो,” काकासाहेब म्हणाले. “दोन दिसांचा तर सवाल हाय. इतक्या वर्सांत कदी आलंय का विमान? ते काय नेमकं याच दोन दिसांत यायचंय?”

त्या सोमवारीही, आधीच्या सोमवारांसारखंच, तिने कार्डावर मोकळी लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही, हे तिला नंतर फार आठवत राहिलं.

बुधवारी ट्रक आला नाही. दुसऱ्या केंद्रावर गेला, असं कळलं. गुरुवारी दुपारी भाकरीची सुट्टी झाली. ऊन डोक्यावर होतं. माणसं माळावरच्या दगडांच्या आडोशाला नसलेली सावली शोधत होती, बाया पोरांना पाजत बसल्या होत्या. दीडच्या सुमाराला पूर्वेकडून आवाज आला. विमानाचा आवाज रंगुबाईच्या कानाच्या सवयीचा होता, पण हा नेहमीसारखा सलग नव्हता, एका अंगाने ओढल्यासारखा होता. तिने हाताची सावली धरून वर पाहिलं. विमान फार खाली होतं. दोन पंख्यांचं, मोठं, माणसं वाहून नेणारं. त्यातला एक पंखा फिरत होता. दुसऱ्याची पाती उभी होती, इतकी स्पष्ट की मोजता आली असती.

ते पट्टीवरून पुढे गेलं आणि वळलं. वळताना वाऱ्याच्या पिशवीभोवती फेरा घेतल्यासारखं झुकलं. तेव्हा रंगुबाईला कळलं, की वरचा माणूस वारा बघतोय. तो इथं उतरणार आहे.

आणि हेही कळलं, की त्याला ढीग दिसत नाहीत. डांबर उन्हाने करडं पडलेलं आणि खडीही करडी. ऊन माथ्यावर, म्हणून सावली नाही. वरून सगळं एकसारखं, मोकळं दिसत असणार. मोकळं म्हणून तर तिने लिहून दिलं होतं.

ती झोळ्यांकडे धावली. खांबाची गाठ सुटेना, तेव्हा तिने दातांनी ओढली. गोजरबाई पोराला छातीशी धरून उठली आणि काय करतेस म्हणून तिचा हात धरू लागली. ऊन पोरांच्या तोंडावर पडलं आणि तेरा पोरं एकदम रडायला लागली.

“गोजरे, कापड सोड. त्यात मानसं हायेत,” रंगुबाई म्हणाली.

गोजरबाईने एकदा वर पाहिलं. मग पोर शेजारणीच्या हातात दिलं आणि दुसऱ्या खांबाची गाठ सोडायला घेतली. आणखी चौघीजणी उठल्या. दोन्ही पट्टे ओढत त्या पट्टीवर गेल्या. तापलेल्या डांबराने तळवे भाजत होते. कापड अंथरलं की वारा ते उचलायचा. रंगुबाई एका टोकावर बसली आणि ओरडून तिने बाकीच्यांना बसायला सांगितलं. चार टोकांना चौघी, मध्ये दोघी, अशा सहा बाया मांजरपाटाच्या फुलीवर डोकं खाली घालून बसल्या. विमान पश्चिमेकडून वळून समोर आलं. त्याची चाकं बाहेर आलेली होती. आवाज इतका मोठा झाला की पोरांचं रडणं ऐकू येईना.

मग चाकं आत गेली. चालू असलेला एकच पंखा जोराने किंचाळला, धूळ उडाली, डोक्यावरून एक मोठी सावली गेली. रंगुबाईने मान वर केली तेव्हा विमान उत्तरेकडे, नगरच्या बाजूला, हळूहळू चढत होतं. किंवा चढत नव्हतं. तिला नीट समजेना. माळाच्या टोकापर्यंत ते दिसलं, मग दिसेनासं झालं. धूर कुठे दिसतो का म्हणून ती कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही. गोजरबाई भाकरी घेऊन चौकीवर आली आणि तिच्या तळव्यांना तेल लावत बसली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला टपालवाला पुंजाराम सायकल हाकत आला. मिरजगावच्या हॉटेलातल्या रेडिओवर त्याने ऐकलं होतं. एक इंजिन बंद पडलेलं विमान औरंगाबादेला सुखरूप उतरलं, बेचाळीस उतारू होते, कुणाला खरचटलंही नाही. रंगुबाईने त्याला तीनदा तेच सांगायला लावलं. मग ती चौकीच्या मागे जाऊन रडून आली आणि तोंड धुऊन तिने त्याला चहा केला.

विमान खात्याचे साहेब पाचव्या दिवशी जीपने येणार असल्याचा निरोप आला. आदल्या दिवशी काकासाहेब चार माणसं घेऊन चौकीवर आले. त्यांनी तोडगा काढला होता. ढीग मंगळवारी पट्टीवर आले असं सगळ्यांनी सांगायचं. सोमवारी कार्ड लिहिलं तेव्हा पट्टी मोकळीच होती. रंगुबाईवर काही येणार नाही आणि केंद्रावरही येणार नाही. गोजरबाईही म्हणाली, आक्का, ऐक त्यांचं. रंगुबाईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

साहेब उंच होते, चष्मा घातलेले. बोलणं मवाळ होतं. ते पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, ढिगांवर हात ठेवून पाहिले, मग चौकीपुढच्या बाजेवर बसले. त्यांनी खिशातून कार्ड काढलं. ते तिचंच होतं. काकासाहेबांनी ठरल्याप्रमाणे मंगळवारची हकिकत सांगितली. आजूबाजूच्यांनी माना हलवल्या.

साहेबांनी रंगुबाईकडे पाहिलं. ते म्हणाले, “बाई, मला एकच समजून घ्यायचंय. तो वैमानिक इथंच का वळला, ते तुम्हाला माहीत आहे?”

ती म्हणाली, जवळ हुतं म्हून.

“नुसतं जवळ असून चालत नाही,” ते म्हणाले. आणि मग शाळेतल्या मास्तरांसारखं सावकाश सांगत गेले. विमानात कुणाला हृदयाचा झटका आला तर वैमानिक मोठा दवाखाना असलेलं गाव शोधतो, मग ते शंभर मैल लांब का असेना. विमान जड असेल तर लांब धावपट्टी बघतो. आग लागली तर काही बघत नाही, पायाखाली जी सपाट जमीन असेल तिथं टेकवतो. एक इंजिन बंद पडलं तर त्याला निवडायला थोडा वेळ असतो. मग तो विचारतो, वारा कुठला, खाली कोण आहे, जागा कशी आहे. त्या दिवशी पुण्यावर धुळीचं वादळ होतं. औरंगाबाद ऐंशी मैल होतं आणि उरलेलं इंजिन तापत चाललं होतं. त्याने यादी उघडली.

“यादीत ही पट्टी मोकळी होती. म्हणून तो खाली आला. त्याने तुमच्या शब्दावर बेचाळीस माणसं खाली आणली. ढीग खरंच मंगळवारी आले असतील, तर तुमचा दोष नाही.”

काकासाहेब तिच्याकडे बघत होते. वाऱ्याच्या पिशवीची कडी खांबावर वाजत होती.

“ढीग फाल्गुनापास्न हायेत, साहेब,” रंगुबाई म्हणाली. “सोमवारी मी लिवलं तवाबी हुतेच. मला ठावं हुतं. मी खोटं लिवलं.”

काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेबांनी कार्ड परत खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, फुली कुणी घातली? तिने सहा बायांची नावं सांगितली, आपलं शेवटी. कापड पोरांवर का बांधलं होतं, तेही सांगितलं, कारण ते कुणीतरी सांगणारच होतं. ढीग पट्टीवर का आले हे मात्र गोजरबाईने सांगितलं. पदर खोचून ती पुढे आली आणि मुरमात थर कसा रुततो, माप कसं कमी भरतं, ते तिने हातवारे करून दाखवलं. साहेब, तुमी एक दीस फोडून बघा, असंही म्हणाली. एकदोघं हसले. साहेबही हसले, पण थोडंच.

त्यांना जे लिहायचं होतं ते त्यांनी लिहिलं. पट्टी त्या दिवसापासून यादीतून निघाली. रंगुबाईच्या कामाचं काय करायचं ते वरून ठरेल, तोवर तिने दर सोमवारी कार्ड पाठवत राहायचं, असं म्हणाले. जीपमध्ये बसताना त्यांनी काकासाहेबांना सांगितलं, की ढीग उतरवले तर केंद्र हलवायची शिफारस ते करणार नाहीत. “मी न कळवता येईन,” हे मात्र तिला म्हणाले.

ढीग उतरवायचे तर ठेवायचे कुठे? मार्ग गोजरबाईला सुचला. खळ्याची जमीन करतो तशी मुरमाची जमीन चोपून काढू, म्हणाली. सारवायला पाणी नव्हतं, शेणही नव्हतं. पण जमीन चोपायचे धुम्मस होते. दोन दिवस टोळ्यांनी आळीपाळीने पट्टीशेजारचा मुरूम ठोकून काढला, इतका की त्याच्यावर टाच आपटली तर दुखायची. ओव्हरसियरने एक ढीग मोजून पाहिला. माप बरोबर भरलं. मग तीनशे माणसं रांगेत उभी राहिली आणि घमेली हातोहात फिरू लागली. त्रेचाळीस ढीग पट्टीवरून उतरायला चार दिवस लागले. कामाच्या वेळेत नव्हे, सकाळी लवकर येऊन आणि सुट्टीत. कुणी त्याबद्दल बोलून दाखवलं नाही. काकासाहेब स्वतः घमेलं घेऊन रांगेत उभे होते.

सोमवार आला. काकासाहेब मिरजगावला निघाले होते, कार्ड घेऊन जातो म्हणाले.

“लिवा आता, वहिनी. आरशावानी झाली पट्टी.”

रंगुबाईने चपला काढल्या आणि ती पट्टीवरून अनवाणी चालत गेली. ढीग होते तिथं तळव्याला काहीतरी टोचलं. वैशाखाच्या उन्हाने डांबर मऊ पडलं होतं आणि महिनाभर ओझं खाऊन तळाचे खडे त्याच्यात बसले होते. ढिगाढिगाच्या जागी टोकदार दगडांची एकेक चादर होती. नजरेला कळत नव्हती, तळव्याला कळत होती. ती परत आली आणि तिने कार्डावर बंद लिहिलं. काकासाहेबांनी ते वाचलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि कार्ड खिशात घालून सायकलवर बसले.

पुढचे दहा-बारा सोमवार ती बंद लिहीत राहिली. सकाळी उन्हं तापायच्या आत ती आणि गोजरबाई खुरप्याने खडे उकरायच्या. खड्ड्यांत भरायला डांबराचं एक पिंप बांधकाम खात्याने पाठवला, तेही तिच्या कार्डांमागून कार्डं गेल्यावर. आषाढात पाऊस पडला, माणसं शेतावर परतली, केंद्र आटोपलं. माळावर पुन्हा वारा आणि रंगुबाई राहिली. कामावरून काढल्याचं पत्र काही आलं नाही. ठेवल्याचंही आलं नाही. पुंजारामची सायकल दिसली की ती हातातलं काम टाकून वाटेवर येऊन उभी राहायची.

श्रावणातल्या एका बुधवारी जीप आली. साहेब एकटेच होते. त्यांनी पूर्ण पट्टी पायी पाहिली, भरलेल्या जागांवर बुटाची टाच दाबून पाहिली. रंगुबाई दोन पावलं मागे चालत होती. त्यांना पट्टी पसंत पडली होती, ते चेहऱ्यावरून कळत होतं. बाजेवर बसून त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. आजच यादीत घालतो, म्हणाले, तुमचं कामही कायम करायला लिहिलंय मी.

रंगुबाई उभीच होती.

“साहेब, पच्छिमेच्या टोकाला तीन ठिगळं हायेत, परवाच भरल्यात,” ती म्हणाली. “वरून वाळल्यात, पर आतून अजून वली हायेत. चाक बसलं तर निगतील. तुमी आज मोकळी लिवू नगा.”

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी ती तीन ठिगळं पाहिली होती, त्यांच्यावर टाचही दाबली होती. आपल्याला ती भक्कम वाटली, असं ते म्हणू शकले असते.

“मग कधी लिहू?” त्यांनी विचारलं.

तिने पट्टीकडे पाहिलं. ढग होते, ऊन कमी होतं. तिने मनाशी दिवस मोजले.

“सोमवारी मी कळवते,” ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि चहा आहे का म्हणून विचारलं.